खिडकी उघडावी की लावून घ्यावी?

वणव्याचा धूर आणि उन्हाची काहिली एकाच आठवड्यात वाट्याला आली, की सल्लेही एकमेकांच्या विरुद्ध मिळू लागतात. धुराबद्दल बोलणारे सांगतात, दारं-खिडक्या बंद करा. उन्हाबद्दल बोलणारे सांगतात, हवा खेळती ठेवा. या महिन्यातली बहुतेक पत्रं याच कात्रीत सापडलेल्या वाचकांची आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : चार दिवस धूर हटलेला नाही. दुपारी बाहेर ४३ अंश असतात. खिडक्या लावल्या की घराची भट्टी होते, उघडल्या की डोळे चुरचुरतात. नेमकं करायचं काय?

भर दुपारी हे भांडण नसतंच. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असेल, तर खिडकी उघडून गारवा नाही, झळाच आत येणार. तेव्हा दिवसा खिडक्या बंद, यावर दोन्ही सल्ल्यांचं एकमत आहे. खरी ओढाताण रात्री आणि पहाटे होते. जमीन निवते, तिच्यालगतची हवा जड होते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. धूर त्याच्याखाली कोंडतो, दऱ्याखोऱ्यांत तर फारच. म्हणजे जी वेळ सर्वांत गार, तीच पुष्कळदा सर्वांत धुरकट. सकाळी ऊन चढून हवा वर उचलली जाऊ लागली की धूर विरळ होतो, पण तोवर बाहेर तापायला लागलेलं असतं.

यातून वाट काढताना एक गोष्ट लक्षात ठेवा. खोलीत शिरलेला धूर गाळायला चांगल्या फिल्टरला अर्धा-पाऊण तास लागतो, पण भिंती आणि स्लॅबमध्ये दिवसभर मुरलेली उष्णता बाहेर पडायला रात्र लागते. म्हणून पहाटे बाहेरचं तापमान आतल्यापेक्षा चार-पाच अंशांनी उतरलं आणि धूर त्या दिवसातल्या कमीत कमी पातळीच्या जवळपास असला, तर समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा. एकीत पंखा बाहेर तोंड करून लावा, म्हणजे तो गरम हवा बाहेर फेकेल आणि दुसरीतून गार हवा ओढली जाईल. त्या वेळी खोलीत कोणी झोपलेलं नसावं. खिडक्या लावल्यावर प्युरिफायर सर्वांत वरच्या वेगावर चालवा आणि अर्ध्या तासाने खोलीत या. बाहेर दहा पावलांवरचं दिसेनासं झालं असेल, तर मात्र ही खटपट करू नका.

सगळं घर वाचवायच्या फंदात पडू नका. एक खोली धरा. थेट गच्चीखालची नको, पश्चिमेची भिंत असलेली नको. खिडक्या कमी आणि दार नीट लागणारं हवं. खिडकीच्या फटींवर चिकटपट्टी, दाराखाली गुंडाळलेला टॉवेल. ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेरून अडवा : चटई, जाड कापड, छत्रीचं जुनं कापडसुद्धा चालेल. काचेतून आत आलेलं ऊन पडद्यावर थांबतं खरं, पण त्याची उष्णता खोलीतच राहते. आतूनच अडवायचं असेल, तर पांढरा किंवा चकचकीत बाजूचा पडदा काचेला अगदी लागून हवा.

खोलीत एक साधा थर्मामीटर टांगा. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दिवसा ३२ अंशांखाली आणि रात्री २४ अंशांखाली राहण्याचा आहे. घरात म्हातारी माणसं, तान्ही मुलं असतील तेव्हा तर तो पाळावाच. रात्रीचा आकडा पुष्कळ घरांत गाठता येत नाही, हे मान्य. पण दिवसाचे ३२ ओलांडून पारा चढतच असेल आणि उतरवायचं साधन नसेल, तर जिथे एसी आणि गाळलेली हवा दोन्ही आहेत अशा जागी काही तास तरी जाऊन बसा.

आणि दोन्ही टाळणं शक्यच नसेल, तर आधी उष्णता टाळा. धुराचा परिणाम बहुतेकांवर दिवसांच्या हिशेबाने साठत जातो, उष्माघात मात्र काही तासांत माणूस नेतो. २०२१ च्या जूनअखेरीस कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उष्णतेच्या लाटेत ६१९ जण दगावले. त्यांतल्या ९८ टक्के लोकांचा मृत्यू छपराखाली झाला. म्हणजे ‘घरातच बसा’ एवढ्याने भागत नाही. २०१० च्या उन्हाळ्यात मॉस्कोत लाट आणि वणव्यांचा धूर एकाच वेळी आले, तेव्हा नेहमीपेक्षा सुमारे ११,००० मृत्यू जास्त झाले. त्यांतले दोन हजारांहून अधिक एकट्या उष्णतेच्या किंवा एकट्या धुराच्या खात्यावर टाकता येत नव्हते, ते दोन्ही एकत्र आल्याचे होते. दमा, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) किंवा हृदयविकार असलेल्यांनी म्हणून तक्रार सुरू होण्याची वाट पाहू नये, धुराची बातमी येताच हलावं.

प्रश्न : आमच्याकडे एसी नाही, पाण्याचा कूलर आहे. धुरात तो चालवला तर चालेल का?

दाट धुरात नाही. कूलर बाहेरची हवा ओढून ओल्या जाळीतून आत सोडतो. जाळी धूळ अडवते, पण धुराचे कण मायक्रोमीटरच्या अर्ध्याच्या आसपास असतात, ते जाळीतून सरळ पलीकडे जातात. कूलर चालू ठेवून शेजारी प्युरिफायर लावण्याचाही उपयोग नाही. कूलर तासाला हजार-दोन हजार घनमीटर हवा आत ढकलतो, घरगुती प्युरिफायर त्याच्या जेमतेम पाव-पंचमांश गाळतो. कूलर खोलीच्या आत ठेवून खिडक्या बंद केल्या, तर थोड्याच वेळात हवा दमट होते, पाणी उडेनासं होतं आणि गारवा संपतो, वर घामही वाळत नाही.

मधला मार्ग म्हणजे कूलरच्या मागच्या बाजूला मर्व्ह १३ प्रतीचे फिल्टर लावणं (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक कण अडवतो ते सांगणारी श्रेणी). पण ते जाळीच्या जवळजवळ सगळ्या क्षेत्रफळाचे हवेत. एकच छोटा फिल्टर लावला की मोटर धापा टाकते आणि हवा कडेच्या फटींतून येते. फिल्टर ओला होता कामा नये, म्हणून जाळीपासून चार बोटं अंतर ठेवा. धूर विरळ असेल तेव्हा कूलर, दाट असेल तेव्हा ओले कपडे आणि पंखा, हेच बहुतेकांना जमण्यासारखं आहे.

प्रश्न : एसीतून धूर आत येतो का? काहींकडे येतो म्हणतात, काहींकडे नाही.

दोघंही बरोबर सांगत असतील, कारण एसी वेगवेगळे असतात. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. विंडो एसीतही तसंच, पण त्याला ताज्या हवेची एक छोटी झडप असते. समोरच्या जाळीमागचा खटका पाहा आणि ती बंद करा. यंत्र आणि चौकट यांच्यामधली फट फोमने भरा. पुष्कळदा धूर झडपेतून नव्हे, तिथून येतो.

त्रासदायक आहे तो चाकांवरचा, एकाच नळीचा पोर्टेबल एसी. तो खोलीतलीच हवा नळीवाटे बाहेर फेकतो. तेवढीच हवा मग दाराखालून, खिडक्यांच्या फटींतून आत ओढली जाते, धुरासकट आणि उकाड्यासकट. दोन नळ्यांचा असेल तर हा दोष बराच कमी. स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखाही याच कारणाने धूर आत खेचतो, तो गरजेपुरताच लावा. अन् एसीच्या आतली जाळी म्हणजे फिल्टर नव्हे. ती यंत्राला धुळीपासून वाचवते, तुम्हाला धुरापासून नाही.

प्रश्न : पंखा आणि फिल्टर जोडून घरीच प्युरिफायर करता येतो असं वाचलं. खरंच उपयोग होतो का, आणि कसा करायचा?

होतो, आणि चांगला होतो. रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेंथल या दोघांच्या नावाने ओळखली जाणारी ही खोक्याची रचना २०२० पासून प्रचारात आली. लागतं एवढंच : चौकोनी चौकटीचा २० इंची पंखा, २० × २० इंचाचे मर्व्ह १३ प्रतीचे चार फिल्टर (१ इंच जाडीचे चालतात, २ इंच जाडीचे बरे), जाड पुठ्ठा आणि रुंद चिकटपट्टी.

चार फिल्टर उभे करून चौकोनी खोकं बनवा. प्रत्येक फिल्टरच्या कडेवर हवेची दिशा दाखवणारा बाण असतो, चारही बाण खोक्याच्या आत रोखलेले हवेत. उलटा लावला तर कागदाला आधार देणारी जाळी चुकीच्या बाजूला पडते आणि घड्या ओढल्या जाऊन दबतात. तळाला पुठ्ठ्याचा चौकोन. वर पंखा आडवा, हवा वरती फेकणारा. मग प्रत्येक शिवण चिकटपट्टीने पक्की करा, आणि पंख्याची चौकट फिल्टरवर टेकते ती रेघ सर्वांत आधी.

एक तुकडा पुष्कळ जण गाळतात आणि तिथेच फसतात. पाती गोल, चौकट चौकोनी, त्यामुळे चारही कोपऱ्यांत वाऱ्याला परत आत शिरायला जागा राहते. पुठ्ठ्याच्या चौकोनाला मधोमध १४ ते १६ इंच व्यासाचं भोक पाडून तो पंख्याच्या वरच्या तोंडावर चिकटवा. कोपरे झाकले जातात आणि गाळलेली हवा चांगलीच वाढते. पाच मिनिटांचं काम आहे.

पंखा चालू करून पातळ कागदाची पट्टी सगळ्या शिवणींवरून फिरवा. जिथे ती आत ओढली जाईल तिथे फट आहे. खोकं भिंतीपासून फूटभर लांब ठेवा. झोपेच्या खोलीत आवाज नको म्हणून वेग कमी कराल तर गाळणंही कमी होणार. त्यापेक्षा झोपण्याआधी तासभर वरच्या वेगावर चालवून मग मधल्यावर आणा.

मर्व्ह १३ हेपाइतका, म्हणजे बारीक कणही जवळजवळ सगळे अडवणाऱ्या फिल्टरइतका, कडक नसतो. ०.३ ते १ मायक्रोमीटरचे निदान अर्धे कण तो एका फेरीत अडवतो. पण चार फिल्टरांमधून हवा इतकी वाहते, की तीच हवा तासाभरात अनेकदा गाळली जाते. एकाच फिल्टरला पंखा चिकटवूनही काम होतं, मात्र हवा कमी मिळते आणि मोटर जास्त तापते. पंखा जुना असेल तर वापरू नका. अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संरक्षण संस्थेचा (ईपीए) सल्ला २०१२ नंतर बनलेला, मोटर तापल्यावर बंद पडण्याची सोय असलेला पंखा घेण्याचा आहे. त्याचं कारण या खोक्यात मोटरला नेहमीपेक्षा जास्त जोर लावावा लागतो.

फिल्टर कधी बदलायचा? हवा कमी झाली की, असं उत्तर नेहमी मिळतं, पण धुरात ते पुरेसं नाही. या फिल्टरांची बरीचशी ताकद त्यांच्या धाग्यांवरच्या विद्युतभारात असते आणि धुराचा थर तो भार झाकून टाकतो. म्हणजे वारा तेवढाच लागत असताना गाळणं घटलेलं असू शकतं. कागद करडा-काळा दिसू लागला किंवा बाहेर फेकलेल्या हवेला जळकट वास यायला लागला की बदला. दाट धुरात ही वेळ काही आठवड्यांतही येते. धुऊन किंवा झटकून पुन्हा वापरू नका, पाण्याने तो भार निघून जातो.

प्रश्न : विकतचा प्युरिफायर घ्यायचा तर काय पाहू?

सीएडीआर नावाचा आकडा. तो यंत्र दर मिनिटाला किंवा तासाला किती स्वच्छ हवा देतं ते सांगतो. खोलीचं घनफळ काढा : १२ × १० फूट आणि उंची १० फूट, म्हणजे १,२०० घनफूट. धुरासाठी तासाला निदान पाच-सहा वेळा हवा बदलली पाहिजे, म्हणजे मिनिटाला १००-१२० घनफूट. आकडा तासाच्या घनमीटरमध्ये दिला असेल तर त्याला १.७ ने भागा. छापलेला सीएडीआर सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत गोंगाटाच्या वेगाचा असतो, म्हणून दीडपट घेतलेला बरा.

हेपा फिल्टर कण अडवतो, वास आणि वायू नाही. त्यासाठी सक्रिय कोळसा लागतो, तोही चांगला किलोभर. जाळीला नुसती काळी पूड लावलेली असेल तर ती दिखाऊच. ओझोन सोडणारं यंत्र घरात आणूच नका, ओझोन स्वतःच फुप्फुसांना जाळतो.

प्रश्न : एका ॲपवर हवेचा निर्देशांक ९८, दुसऱ्यावर १५४. विश्वास कोणावर ठेवायचा?

दोन्ही खरे असू शकतात. निर्देशांकाची पट्टी देशागणिक वेगळी आहे. हवेत घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५ (म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण) असेल, तर भारतीय पट्टीवर तो १०० म्हणजे ‘समाधानकारक’च्या टोकावर, आणि अमेरिकन पट्टीवर दीडशेच्या पुढे ‘अपायकारक’मध्ये. त्यात एक ॲप चोवीस तासांची सरासरी देतं, दुसरं आत्ताचा आकडा. म्हणून निर्देशांक सोडा आणि मायक्रोग्रॅममधला पीएम २.५ पाहा. जागतिक आरोग्य संघटनेची चोवीस तासांची मर्यादा १५ आहे, एवढा एक आकडा तुलनेला पुरतो. स्वस्त लेझर सेन्सर वणव्याच्या धुरात प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतात, दमट हवेत आणखीच. पण आतला आकडा बाहेरच्यापेक्षा किती कमी आहे आणि खिडकी लावल्यावर किती वेळात उतरतो, हे पाहायला ते उत्तम.

प्रश्न : ओला रुमाल तोंडाला बांधला तर पुरतो का?

नाही. ओल्या कापडाने गार वाटतं एवढंच. एन-९५ किंवा एफएफपी-२ मास्क हवा. दोन पट्ट्यांचा असेल तर वरची पट्टी डोक्याच्या मागे उंचावर आणि खालची मानेवर, फुली मारून नाही. नाकावरची धातूची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा, मग मास्कवर तळवे ठेवून जोराने श्वास सोडा. डोळ्यांकडे हवा गेली तर पुन्हा दाबा. दाढी असेल तर मास्क टेकतच नाही, त्याला उपाय दाढी काढणं हाच. लहान मुलांच्या चेहऱ्याला मोठ्यांचा मास्क बसत नाही, त्यांना आतच ठेवा.

प्रश्न : फार उकडत असताना पंखा उलट अपाय करतो म्हणतात.

पंखा हवा गार करत नाही, घाम वाळवतो. हवा कातडीपेक्षा, म्हणजे सुमारे ३५ अंशांपेक्षा, गरम झाली की वाराच अंगात उष्णता घालू लागतो. घाम भरपूर येत असेल तोवर हिशेब फायद्याचा राहतो, पण ४० अंशांच्या वर पंखा लावू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वृद्धांना घाम कमी येतो, त्यांच्यासाठी ही रेषा खाली धरा. सदरा, मान आणि हात सतत ओले ठेवले तर घामाचं काम पाणी करतं आणि पंख्याचा उपयोग टिकतो. मूत्रल (लघवी वाढवणारी) औषधं, मानसिक आजारांवरची काही औषधं आणि बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयविकारावरच्या गोळ्या) चालू असणाऱ्यांनी उन्हाळ्याआधीच डॉक्टरांना विचारावं, गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

पाण्याबद्दलही पुष्कळांनी विचारलं आहे. उन्हात काम असेल तर दर १५-२० मिनिटांनी पेलाभर, म्हणजे २५० मिलीच्या आसपास. तासाला दीड लिटरच्या वर नको. घटाघटा भरपूर पाणी पिऊन रक्तातलं सोडियम खाली गेलं, तर तेही माणसाला आडवं करतं.

प्रश्न : उष्माघात झालाच, तर रुग्णवाहिका येईपर्यंत काय करायचं?

ओळखायचं ते मेंदूवरून : असंबद्ध बोलणं, चालताना तोल जाणं, झटके, शुद्ध हरपणं. घाम थांबलाच पाहिजे असं नाही, घामाने निथळणाऱ्यालाही उष्माघात होतो. रुग्णवाहिका बोलावून लगेच गार करायला लागा, तिची वाट पाहत बसू नका. मोठं टब असेल तर गार पाण्यात गळ्यापर्यंत बसवा, डोकं एकाने धरून ठेवायचं. टब नसेल तर कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत राहा आणि वारा घाला. बर्फ असेल तर कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघांत ठेवा. भानावर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. पॅरासिटामॉलही देऊ नका. हा ताप संसर्गाचा नाही, गोळीने उतरत नाही आणि वर यकृतावर भार पडतो.

प्रश्न : धूर गेला, पण गच्ची, खिडक्या, कुंड्या सगळीकडे राखेचा थर आहे. कसा काढावा?

कोरडा झाडू फिरवलात तर सगळी राख पुन्हा हवेत. हलकं पाणी शिंपडून थर बसवा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या. पाण्याचा फवारा मारून राख नाल्यात लोटू नका. लाकडाची राख पाण्यात क्षारधर्मी होते, कातडी चुरचुरते. म्हणून हातमोजे, पूर्ण बाह्या आणि एन-९५. साधा व्हॅक्युम क्लीनर बारीक कण मागून पुन्हा बाहेर सोडतो, हेपा असलेला चालतो. जवळपास घरं किंवा गाड्या जळल्या असतील तर त्या राखेत शिसं आणि ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती घरच्या फडक्याने पुसायची गोष्ट नाही, प्रशिक्षित माणसांना बोलवा.

त्याच दिवशी एसीच्या जाळ्या धुवा, गाडीतला केबिन फिल्टर पाहा, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आत डोकवा. पाळलेल्या जनावरांचे पंजे घरात घेण्याआधी पुसा, नाहीतर राख ते चाटून पोटात घेतात.